दातात धरलेली काडी

मी बोलतोय. इकडंतिकडं काय पाहता? तळ्याच्या पाळीवर, इथं बांधावर, शकुबाईनं ज्या लोखंडावर लुगडं वाळत घातलंय ना, तेच लोखंड. ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक. लुगड्याआडून बोलतो म्हणून हसू नका. एके काळी माझ्या आवाजानं अहेरीच्या जंगलातली माकडं झाडं बदलायची.

लढाईसाठी ओतला गेलो, लढाई संपल्यावर लिलावात निघालो. गोंडपिपरीच्या उमाजीशेठनं ट्रक घेतला आणि मनसाराम ड्रायव्हर माझ्या नशिबी आला. अहेरीचं सागवान बल्लारशाला न्यायचं, हाच आमचा संसार.

मी जन्माचा खोडकर. ऐन चढावर गप्प बसायचो. झिंगू क्लीनर हँडल मारून घामाघूम. मनसाराम बांबूच्या काडीचं एक टोक माझ्यावर टेकवायचा, दुसरं दातात धरायचा आणि डोळे मिटायचा. त्याला पुरतं ताटकळवून मी एकदम भडकायचो. त्याचे दात कडकडायचे.

"मस्करी करतं का बे!" म्हणून तोच पोट धरून हसायचा.

लोकांना ती ऐट वाटे. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक: मनसारामचे कान गेले होते. माझं दुखणं त्याला दातांतून, तळपायातून कळे. माणसांचे मात्र तो ओठ पाहायचा.

मग मी झिजलो. तेल प्यायचो, निळा धूर सोडायचो. चांद्याला बिरजू मिस्त्रीनं मला उघडलं.

"शेठ, बोरिंग मारून, भोकं रुंद करून मोठे पिस्टन टाकता येते, पन एवढी एकच बारी. नाईतर नागपूरवरून नवा ब्लॉक आना."

"नवाच आनू," शेठ म्हणाला.

मनसारामनं हात जोडले. "नोको, शेठ. नव्याची बोली मले समजनार नाई. हा माह्यासंग बोलते."

"काऊन, बायको हाये का थे तुही?" माझ्यात डोकं खुपसून बिरजू म्हणाला. सगळे हसले. मनसाराम हसला नाही. त्याला बिरजूचं तोंड दिसतच नव्हतं.

तो कोपऱ्यात जाऊन पाठमोरा बसला, माझं झाकण पुसत. शेठ दिलाचा माणूस. थोडा वेळ घुटमळला, मग हाक मारली, "मनसाराम! चाल, जुनाच बनवू!"

मनसाराम पुसत राहिला.

"अबे मनसाराम!"

बिरजूनं पत्र्यावर हातोडा आपटला. अख्खं गॅरेज दचकलं. तो नाही. मी ओरडलो असतो हो, पण माझी आतडी टेबलावर पडली होती.

शेठ त्याच्यासमोर येऊन बसला. "कईपासून ऐकू येत नाई, भाऊ?"

ड्रायव्हरला तो पहिल्यांदाच भाऊ म्हणाला. मनसारामनं ओठ पाहिले, मान खाली घातली. शेठनं त्याची हनुवटी वर केली.

"रस्त्यानं बायापोरं चालतेत, भाऊ..."

मनसारामनं फडक्याची नीट घडी केली, झाकणावर ठेवली आणि उठला.

नवा ड्रायव्हर आला. त्याला नवा ब्लॉकच पाहिजे होता, तोही आला. मला शेठनं बैलबंडीत घालून मनसारामच्या गावी पाठवलं, तो इथं पाळीवर उतरलो. "त्याचंच हाये थे," म्हणाला.

आता तो रोज पाळीवर येतो. लुगडं बाजूला सारतो, काडी टेकवतो, दातात धरतो, डोळे मिटतो. मैना, त्याची बायको, हाका मारून थकते. मग येऊन खांद्याला हात लावते.

"अजी, जेवाले चाला ना."

"थांब वं. मस्करी करून राह्यला थो. आता बोलते, पाह्य."

तर बायांनो, लुगडी खुशाल वाळत घाला, धुणं आपटा. एवढंच करा, की त्याच्यासमोर माझा विषय काढू नका. तो ओठ वाचतो. या वेळी ही मस्करी नाही, हे त्याला कळायला नको.