हुंगलेलं फूल

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीच्या शिवारात शहाणी माणसं औषधालाही उरली नाहीत. ज्याला त्याला वावरात पऱ्हाटीच हवी. नत्थुजी माळ्यानं मात्र मोगरा उपटला नाही. देवीच्या देवळात फुलं पोचवायचं काम बापजाद्यांपासूनचं. ते सोडायची त्याची छाती नव्हती. माणूस भित्राच, पण इमानी.

असा माणूस दर रविवारी पाद्र्यांकडे जाऊन बसू लागला, तेव्हा गावानं तोंडात बोट घातलं. बायकोनं, दुर्गाबाईनं, तर बजावलंच, "तुमी बाटले त मी माहेरी जाईन, सांगून ठेवतो."

पाद्री भगवंतराव नगरकडचे, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती. बाप्तिस्मा मागायला येणाऱ्याला ते एकच विचारत, "तुम्हाला नक्की काय हवंय?" एकानं कापसाच्या गोदामात नोकरी मागितली होती, दुसऱ्यानं बायको. दोघांनाही त्यांनी गूळपाणी देऊन वाटेला लावलं होतं.

त्या रविवारी नत्थुजी मोगऱ्याची दुरडी घेऊन आला. भगवंतरावांनी एक फूल उचललं, सहज हुंगलं आणि प्रार्थनेच्या मेजावर ठेवलं.

नत्थुजी ताडकन उठला. "हुंगलं तुमी! आता देवाले कसं चालन?"

"न चालायला काय झालं? वास त्यानंच तर दिलाय."

नत्थुजी पुन्हा खाली बसला. म्हणाला, "माही सुभद्रा लहान होती. देवळाच्या दुरडीतलं फूल हुंगलं तिनं. फूल उष्टं केलं मनून म्या तिच्या थोबाडीत देल्ली. त्याच हप्त्यात तापानं गेली पोरगी. घरची मनते, देवी कोपली. मले असा देव पाह्यजे, ज्याले हुंगलेलं फूल चालते."

"चालतं," भगवंतराव म्हणाले. "अगदी चालतं."

मागितलं ते मिळालं होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं पाय धरले असते. नत्थुजीचा चेहरा मात्र पार उतरला.

"मंग म्या तिले फुकटच मारलं," तो म्हणाला.

इतकी वर्षं त्या थपडेचा अर्धा भार देवीनं उचलला होता. आता तो सगळा त्याच्या एकट्याच्या हातावर आला. भगवंतरावांनी तोंडपाठ वचनं बाजूला ठेवली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, फक्त हळू आवाजात, "नत्थुजी, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"माफी."

"देवाची?"

"पोरीची. पोरगी तुमच्या देवाजवळ असन, त तेवढं इचारा त्याले."

"ती आहे त्याच्याजवळ," भगवंतराव म्हणाले. "पण विचारायचं तुम्हीच. माझ्या तोंडून नाही जमायचं."

बाप्तिस्म्याचं त्या दिवशी कोणीच काढलं नाही. गूळपाणीही आलं नाही.

नत्थुजी घरी आला तेव्हा दुर्गाबाई चुलीपाशी होती. त्यानं दुरडीतलं एक फूल तिच्यापुढं धरलं.

"हुंग."

"येड लागलं का तुमाले? देवीचं हाये ते."

"हुंग मनतो ना. आपल्या पोरीचं काई चुकलं नोतं. चुकलं ते माहं."

दुर्गाबाईनं फूल घेतलं, नाकाशी धरलं आणि तशीच रडत बसली. माहेरी जायचं ती पुन्हा बोलली नाही.