अळणी ताटातली कोथिंबीर

होळीचा शिगमो संपला आणि दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांनी दत्ताराम गवसचे मीठ तोडले. रक्तदाब फार चढला होता. सुकी मासळी, लोणचे, पापड सगळे बंद, आणि जेवणात मीठ नावापुरते चिमूटभर.

दत्ताराम मूळचा दोडामार्गचा. तीस वर्षे डिचोलीच्या खाणींवर टिप्पर चालवला, कारापूरला चार खोल्यांचे घर बांधले, मुलाचे लग्न केले. उन्हातान्हात गाडी हाकताना त्याने कधी कुरकुर केली नव्हती, पण अळणी आमटीचा पहिला घास तोंडात गेला आणि तो ताटावरून उठलाच.

"ह्या काय जेवाण गो? गुरांक घालतत तसला!"

"डॉक्टरांक विचारा," जानकी म्हणाली. तिने त्याचे ताट झाकून ठेवले. तासाभराने तो मुकाट्याने येऊन जेवला.

मग हे रोजचेच झाले. दत्ताराम रुसायचा, जानकी ताट झाकायची. एकदा तर तो बाजारात जाऊन हॉटेलात मिरची भजी आणि पाव खाऊन आला, आणि संध्याकाळी डोके गरगरते म्हणून पडून राहिला. जानकीने विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

एका दुपारी सून समीक्षा शाळेतून लवकर घरी आली. ती बालवाडीत शिकवते. जानकी स्वयंपाकघरात एकटीच जेवत होती. समीक्षाने तिच्या वाटीतली भाजी सहज चाखली आणि ओरडली, "आई, ही तर बाबांची भाजी! तुमची मिठाची कुठे आहे?"

बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर बसलेल्या दत्तारामला ते ऐकू आले. तो दारात येऊन उभा राहिला.

"तू पण अळणी खातंस?"

"मगे? दोन दोन मडकी चढवूची कोणी?"

"कधीपासून?"

"तुमचा बंद झाला तेव्हापासून." जानकी खाली बघून भात कालवत होती. "तुमी समोर अळणी जेवतास आणि माझ्या घशाखाली मीठ उतरतला?"

तीन आठवडे. या बाईने तीन आठवडे एक शब्द न बोलता तेच जेवण जेवले होते, आणि वर त्याची बोलणीही खाल्ली होती. दत्तारामने चप्पल घातली आणि तो उन्हातच शेजारच्या गंगाकाकीकडे गेला. गंगाकाकीच्या परसात बारा महिने काहीतरी हिरवे असायचे.

"काकी, मीठ नसताना जेवणाक चव कशी आणूची?"

गंगाकाकीने त्याच्याकडे नीट बघितले. "वासान," ती म्हणाली. "जिभेक फसवूचा असलां तर नाकाक धर. पुदिनो, कोथिंबीर, ओव्याची पाना. पण ताजी होयी, आत्ता तोडलेली. बाजारातली सकाळी येतत आणि दुपारी मान टाकतत."

त्याच संध्याकाळी दत्तारामने खाणीवरची चार फुटकी घमेली माडाखालून ओढून काढली. तांबडी माती, शेणखत, नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सालींचा, भुसा. धणे चपलेखाली रगडून अर्धे अर्धे केले, रात्रभर भिजवले आणि पेरले. नवव्या दिवशी कोंब वर आले तेव्हा त्याने जानकीला हात धरून दाखवायला नेले. तेराव्या दिवशी सगळे करपून गेले. एप्रिलचे ऊन होते ते.

"दत्ताराम, कोथिंबिरीक पण घाम येता रे," गंगाकाकी कुंपणापलीकडून हसली. "सावलेत ठेव."

दत्तारामने हार मानली नाही. घमेली फणसाच्या सावलीत नेऊन धणे पुन्हा पेरले, वर जानकीच्या जुन्या लुगड्याचा मांडव घातला. पहाटे एकदा, ऊन उतरल्यावर एकदा पाणी, तेही हाताने शिंपडून. बुधवारच्या डिचोलीच्या बाजारातून त्याने पुदिन्याच्या जुड्या आणल्या, खालची पाने जेवणाला घेतली आणि काड्या रोवल्या. ओव्याची फांदी गंगाकाकीने दिली, ती तर नुसती टेकवली तरी फुटली. दुपारी तो खुर्ची घेऊन फणसाखालीच बसू लागला. कोंबड्या हाकलायला, असे तो म्हणायचा.

मे अर्धा सरला आणि घमेली भरून वाहू लागली. मग दत्तारामने जाहीर केले, "आज जेवाण मी करतलंय."

चाळीस वर्षांच्या संसारात त्याने चहाखेरीज काही केले नव्हते. जानकी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. त्याने कैरी, पुदिना, हिरवी मिरची, ओले खोबरे पाट्यावर वाटले. जानकीने मिक्सर दाखवला, त्याने मान हलवली. चटणी वाटता वाटता सगळ्या घरात असा वास भरला की समीक्षा पुस्तक टाकून आत आली. जानकीने भाताबरोबर पहिला घास घेतला, आणि लगेच दुसऱ्यांदा वाढून घेतले. दत्ताराम तेवढ्यावरच दिवसभर शीळ घालत फिरला.

पण खरी परीक्षा पुढच्या रविवारी झाली. समीक्षाचे वडील बाबली पेडण्याहून मानकुराद आंबे घेऊन आले. मोप्याच्या विमानतळावर टॅक्सी चालवणारा हा व्याही खाण्यात भलता चोखंदळ. लग्नाच्या पंगतीतही आचाऱ्याला बोलावून चुका सांगणारा.

"मिठाचा सांगू या?" जानकी कुजबुजली.

"अजिबात नाय," दत्ताराम म्हणाला.

कोथिंबिरीच्या हिरव्या वाटणातले बांगडे झाले. कोकमाच्या आगळात मीठ असते म्हणून ताज्या रातांब्यांची सोलकढी, वर ठेचलेला लसूण आणि मूठभर कोथिंबीर. ओव्याच्या पानांची कुरकुरीत भजी. बाबली जेवू लागले. समीक्षा हसू दाबत पाणी वाढत होती. बाबलींनी एक बांगडा संपवला, दुसरा मागितला, वाटी तोंडाला लावून सोलकढी प्यायली.

"विहीणबाई, आज हात वेगळोच लागलो तुमचो!"

"माझो नाय, ह्यांचो," जानकी म्हणाली. "आणि मीठ घालूक नाय हां त्यात."

बाबलींचा हात ताटातच थांबला. त्यांनी उरलेला वाटणाचा घास पुन्हा तोंडात घालून सावकाश चघळला, मग दत्तारामकडे बघितले. "खऱ्यानी?"

सगळे एकदम हसले. जानकी तर इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग बाबली हळूच म्हणाले, "माका पण डॉक्टरान मीठ बंद सांगलां हा, वर्ष झाला. घरात कोणाक सांगूक नाय."

"बाबा!" समीक्षा उसळली.

"आता सांगलंय मगे!"

जाताना टॅक्सीच्या पुढच्या सीटवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पुदिन्याच्या काड्या आणि ओव्याच्या दोन फांद्या होत्या. दत्ताराम खिडकीत वाकून व्याह्याला धणे कसे रगडायचे, सावली किती हवी, पाणी कधी घालायचे ते सांगत होता. गाडी सुरू झाली तरी त्याचे सांगणे चालूच होते.