खाल्लेली गाडीवाट

फावड्याचा पहिला तडाखा थोरल्याच्या खांद्यावर बसला, तेव्हा मोजणीदाराने टेपची गुंडाळी सोडलीही नव्हती. हाड मोडल्याचा आवाज मक्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, थोरलीला, स्पष्ट ऐकू आला.

"माझ्या रानातून रस्ता काढतोस काय रे दादा?" धाकटा म्हणाला. "आधी मला गाड, मग काढ."

थोरलाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. उजवा हात लोंबत होता, म्हणून त्याने डाव्याने दगड उचलला आणि भावाच्या तोंडावर घातला. दात आणि रक्त एकदमच मातीत पडलं. मग दोघं एकमेकांच्या उरावर बसत गाडीवाटेत लोळू लागले. एकाच आईचं दूध प्यायलेले हे दोघे, आणि मारताना कुणाचा हात आखडला म्हणाल तर नाव नको.

थोरलीला नवऱ्याच्या खांद्याची फिकीर नव्हती. तिला घर हवं होतं. गावातलं घर मध्ये पोत्यांचा पडदा लावून दोघा भावांनी वाटून घेतलेलं. इकडे कूस बदलली तरी तिकडे कळायचं. सून बाळंतपणाला माहेरी गेली, ती वेगळं घर झाल्याशिवाय येत नाही म्हणून तिथेच बसली. नातू रांगायला लागला असं ऐकलं होतं, थोरलीने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

रानात घर बांधायचं तर जमीन आधी बिगरशेती करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी तिथवर पुरेसा रुंद रस्ता लागतो, असं कचेरीत सांगितलं होतं. नकाशात दोघांच्या रानांमधली गाडीवाट चांगली ऐसपैस होती. म्हणूनच तर मोजणी मागवली.

मोजणीदाराने आधी दवाखान्याची गाडी बोलावली. मग भाऊ धापा टाकत बाजूला झाल्यावर हद्दीच्या दगडांपासून टेप धरली.

"आग लागली तर बंब यायला पाहिजे," तो म्हणाला. "इथून एक म्हैस धड जात नाही. वाट खाल्ली कुणी?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"दोघांनी. दरसाल नांगराचं एकेक तास वाटेत घातलंय. मापात कुणी कुणाला हार गेला नाही, सख्खे भाऊ शोभता खरे. आता घर याला नाही आणि त्यालाही नाही. वाट मोकळी करा, मग बोला."

थोरलीने कमरेचा विळा काढला आणि आपल्याच मक्यात शिरली. वाटेवरचं पीक ती सपासप कापू लागली.

"दाणा भरत आलाय, अवदसा आठवली का तुला?" थोरल्याने चांगल्या हाताने तिचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं. तिचे गुडघे सोलवटले. ती उठली आणि विळ्याचं पातं त्याच्या मनगटाला लावलं.

"हा हात तरी शाबूत ठेवायचाय ना? सोडा."

त्याने केस सोडले.

"हाणाच वहिनी त्याला," धाकटा फुटक्या तोंडाने हसला. तिने वळून विळ्याची मूठ त्याच्या नडगीवर अशी घातली, की तो मटकन खाली बसला.

"हसू येतंय भावजी? तुमच्या बाजूचं कोण काढणार?"

"मी तर नाही."

धाकटी जाऊ इतका वेळ पदराचं टोक चावत उभी होती. ती पुढे आली आणि नवऱ्याच्या मुठीतलं फावडं हिसकू लागली. त्याने लाथ मारली. तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, फावडं घेतलं आणि आपल्या बाजूचा मका बुडापासून तोडायला लागली.

"ताई, दगडापर्यंत ना?"

"दगडापर्यंत. एक बोट सोडू नकोस."

दोघी बोलल्या ते एवढंच. घामात माती मिसळली, पात्यांनी दंड चिरले, आणि दोघे मर्द बांधावर बसून बघत राहिले. एकाने हात धरला होता, दुसऱ्याने तोंड.

त्या वाटेवरून पहिली गाडी आली ती दवाखान्याची. मक्याची तोडलेली ताटं तुडवत ती थेट बांधाला लागली. भावांना एकाच बाकावर बसवलं.

"वाट पुरली का रे बाबा?" थोरलीने ड्रायव्हरला विचारलं.

"दोन्हीकडून जागा उरली, मावशी."

गाडी गेली. थोरलीने विळा पुसून कमरेला खोचला आणि मोजणीदाराकडे वळली.

"साहेब, आता पुन्हा टेप धरा."