आमच्या शहराचा पाचवा नंबर

सरांनी मला शेवटचं सांगून टाकलं होतं, शुक्रवारच्या चर्चासत्रात काही नवीन दाखव, नाहीतर संशोधनाचा विषय बदल. तीन वर्षांचं काम पाण्यात जाणार म्हटल्यावर माझी झोप उडाली होती. आणि बुधवारी दुपारी तीच मी मावशीच्या जेवणाच्या टेबलाभोवती नाचत होते.

माझं काम सांगायला सोपं आहे. एका लहानशा क्रिप्टो नाण्याचं जाळं किती मोठं आणि जगात कुठे कुठे पसरलंय, ते मोजायचं. या नाण्याला ना मालक, ना कचेरी. जगभरातले संगणक आपसात बोलून ते चालवतात. म्हणून माझा प्रोग्रॅमही त्यांच्यातलाच एक होऊन आत शिरतो, आपला पत्ता देतो आणि भेटेल त्याला विचारतो, तू कोणाकोणाला ओळखतोस? मग ते जे पत्ते सांगतील तिथे जाऊन पुन्हा तोच भोचकपणा. पुष्कळ पत्ते दारच उघडत नाहीत, कारण अनेकांचे संगणक अनोळखी माणसाला उत्तर देत नाहीत. त्यासाठी सरांचा नियम होता: तिघांनी नाव घेतलं, की तो आहे असं धरायचं. या नियमावर सरांचा आकडा उभा होता आणि आकड्यावर सरांचं नाव.

संस्थेच्या नेटवर असल्या नाण्यांना मज्जाव, म्हणून मी मावशीच्या घरून मोजायचे. तर बुधवारी नकाशा उघडते तो काय, साठ ठिपके घेऊन आमचं शहर जगात पाचवं! भल्याभल्या राजधान्यांना मागे टाकून आमचं शहर, जिथे दुकानदार अजून सुट्ट्या पैशांऐवजी हातावर गोळी टेकवतो. मी मावशीची पापी घेतली आणि सरांना फोन लावला. सर इतके हरखले, की त्यांनी बाहेरच्या दोन प्राध्यापकांनाही चर्चासत्राचं आमंत्रण देऊन टाकलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही सगळे शंकासूर म्हणतो. त्यालाही फोन केला, तर त्याने तेवढं विचारलं, की या साठ जणांपैकी एकाने तरी तुला दार उघडलं का? जळतोस मेल्या, असं म्हणून मी फोन ठेवला.

गुरुवारी काम करता करता नेट गेलं. बघते तर मावशी राउटरवर हात ठेवून उभी, ताप बघतात तशी.

"मावशी, काय करतेस?"

"तापलंय गं बिचारं. जरा बंद केलं. तू नसतेस तेव्हा दिवसातून दोन-चारदा करते मी. किती राबवशील त्याला?"

तिने बटण दाबलं. थोड्या वेळाने नकाशावर आमच्या शहरात एक नवा ठिपका उगवला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. राउटर बंद करून चालू केला, की आमच्या घराला नेटवरचा नवा पत्ता मिळतो. माझा प्रोग्रॅम तो इमानेइतबारे जगाला कळवतो. जुना पत्ता मात्र जग सोडत नाही. हा त्याला सांगतो, तो आणखी कोणाला, आणि तिघांनी नाव घेतलं की झालं. ते साठ जण म्हणजे आम्हीच होतो, मी आणि मावशी. शुक्रवार उद्यावर आला होता आणि मला उचकी लागेपर्यंत हसू येत होतं. अभ्यासाने पोरीचं डोकं फिरलं, असं वाटून मावशी पाणी घेऊन आली.

हसता हसताच माझी ट्यूब पेटली. या जाळ्यात गेलेल्यांची भुतं सगळीकडे असणार, पण कोण कधी गेलं ते कोणालाच ठाऊक नसतं. आमची भुतं मात्र घरची. कोणतं कधी मेलं, त्याची वेळ माझ्या प्रोग्रॅमकडे होती. पत्ता मेल्यावरही जाळं तीन-तीन आठवडे त्याची खात्री देत होतं. आणि या नाण्यात तर माणसं सारखी येतात नि जातात. मी रात्रभर गणित मांडलं, दोनदा तपासलं आणि सकाळी न्याहारी विसरून पळाले.

चर्चासत्रात मी आधीच सांगून टाकलं, की आमचा पाचवा नंबर म्हणजे माझ्या मावशीची कृपा. पाहुणे खो-खो हसले. सरांचे कान लाल झाले. मग मी पुढचं गणित फळ्यावर मांडलं आणि हसणं हळूहळू थांबलं.

"म्हणजे माझ्या आकड्यात निम्मी भुतं?" सरांनी विचारलं.

"निम्म्याहून जरा जास्तच, सर."

संपलं, मी मनात म्हटलं. विषयही गेला आणि सरही गेले. शंकासूरसुद्धा खाली मान घालून बसला होता. सर उठले, फळ्याजवळ आले. वरच्या कोपऱ्यात तिघांचा नियम त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. तो त्यांनी तळहाताने पुसला.

"विषय राहू दे," ते म्हणाले. "आकडा बदल. आणि नवा आकडा तुझ्या नावावर जाईल, माझ्या नाही."

एवढा वेळ नुसतं हसू येत होतं, आता दोन परक्या प्राध्यापकांसमोर मला चक्क रडू फुटलं. शंकासुराने रुमाल पुढे केला. तो वापरलेला होता, पण मी घेतला.