अजून न जळालेली मोटर

मित्रांनो, मी कुरुंदवाडच्या नदीकाठावरची एक जुनी पाण्याची मोटर आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण दुसरा जन्म दिला शाहूपुरीत जळालेल्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या बाळासोंनी. पाच वर्षांपूर्वी पुरात आम्ही चाळीस मोटरी बुडालो. जुनी तार काढून निम्म्या बाळासोंनी नव्याने भरल्या, निम्म्या दुसऱ्या एका दुकानाने. बाळासोंनी माझ्यात नवी तांब्याची तार भरली, व्हार्निश लावलं आणि दोन दिवस सुकवलं. गिऱ्हाइकं घाई करायची, पण ते बधले नाहीत. तेव्हापासून मी उसाला पाणी पाजते आहे. कौतुक म्हणाल तर शून्य. चालणाऱ्या मोटरीकडे कोण बघतो?

गेल्या महिन्यात मात्र बाळासोंच्या कामावरच गदा आली. पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन शिवमूर्ती बाळासोंना घेऊन पंपघरात आले.

"बाळासो, तुमच्या जळाल्याल्या मोटरी सरासरी एकच वर्स चालल्या. त्या दुकानाच्या दोन वर्सं. उद्यापासनं तुमचं काम बंद!"

बाळासोंचा चेहरा उतरला. तीस वर्षांचा हात, पण त्यांची वहीही तेच सांगत होती. दुकानात मोटर परत येते ती जळूनच, आणि वहीत चढते तीही तेवढीच. मला ओरडावंसं वाटलं, पण मला घरघरण्यापलीकडे काय येतं?

सोबत बाळासोंची लेक सुष्मिता होती. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिने माझ्या अंगावर हात ठेवला.

"आबा, ही तुमीच भरल्याली न्हवं? मग ही यादीत का न्हाय?"

"जळलीच न्हाय की पोरी! किती टिकली म्हणून लिवायचं?" शिवमूर्ती म्हणाले.

"पाच वर्सं, आणि अजून चालू, असं लिवायचं काका."

तिने चाळीसही मोटरी कागदावर घेतल्या. मग एकेक जळाल्याची तारीख काढून ती विचारू लागली, "त्या दिवशी दोन्हीकडच्या किती चालू हुत्या? आणि जळाली ती कुणाची?" दुकानाचा काही संबंध नसता, तर जळणं दोन्हीकडे चालू मोटरींच्या प्रमाणात वाटलं गेलं असतं. पहिल्या दीड वर्षात दोन्हीकडच्या सहा-सहा गेल्या. बाळासो मान खाली घालून बसले. माझा तर आवाजच बदलला.

त्यानंतर दुसऱ्या दुकानाच्या बारा गेल्या. बाळासोंची एकही नाही; आम्ही उरलेल्या चौदाही अजून चालूच.

सुष्मिताने आकडेमोड पुरी केली. "इतका फरक नुसत्या योगायोगानं पडायचा म्हंजे हजारात एखाद्या वेळी, काका."

शिवमूर्तींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "चुकलं माजं, बाळासो. काम तुमच्याकडंच ऱ्हाणार," ते म्हणाले. बाळासोंनी उपरण्याने डोळे पुसले आणि त्याच उपरण्याने माझ्यावरची धूळही.

मित्रांनो, जळालेल्यांची यादी कुणीही करतं. तुम्ही मोजायला बसाल, तेव्हा कुरकुर न करता चालणाऱ्यांनाही धरा. आणि आलातच काठावर, तर येताना थोडं ग्रीस आणा. मी अजून चालू आहे.