सासूबाईंच्या सुरकुत्या

माझ्या सासऱ्यांचा हात थरथरायला लागलाय हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, कारण त्यांनी काढलेले फोटो कॉम्प्युटरवर मीच उघडते. आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे पडदा आणि दिवे, मधल्या बोळवजा जागेत मी. माणसाच्या पापण्या मोजता याव्यात असे फोटो काढणारे आमचे बाबा, आणि आता पासपोर्टच्या फोटोत लोकांना दोन दोन नाकं दिसायला लागली होती.

सांगायचं कसं? बाबांनी चारचौघांत शंभरदा म्हटलेलं, "ज्या दिवशी माझा फोटो हलेल, त्या दिवशी कॅमेरा कपाटात." आणि ते बोलले की करतात. मागे रंगकामासाठी स्टुडिओ आठवडाभर बंद होता. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मला भांडी घासण्याचा योग्य कोन शिकवला, आणि पाचव्या दिवशी सासूबाई स्वतः जाऊन रंगाऱ्याला 'लवकर आटपा' म्हणून सांगून आल्या. ही झाली गंमत. खरं म्हणजे त्या दिवसांत ते नीट जेवतही नव्हते. खिडकीशी बसून उजव्या हाताचं बोट उगाच वाकवत राहायचे. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी एआयच्या पायाशी गेले. हललेला फोटो द्यायचा, 'नॅचरल टेक्स्चर' नावाची पट्टी उजवीकडे सरकवायची, की ते सॉफ्टवेअर त्वचेची छिद्रं, केस, कापडाचे धागे सगळं अंदाजाने परत भरतं. अंदाजाने, हे लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी त्याने एका टकल्या बँक मॅनेजरच्या डोक्यावर त्यांच्याच स्वेटरची वीण चढवली. सहा महिन्यांच्या एका बाळाला दोन दिवसांची दाढी आली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण पट्टी पंचविसाच्या पुढे नेली नाही तर माणसं माणसंच राहतात, हे मला आठवड्याभरात उमगलं.

गिऱ्हाइकं खूश झाली. "या वयात काय फोटो काढता हो," असं एकाने म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं, आणि बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढले. कॅमेऱ्याची तिवई त्यांनी माळ्यावर टाकली. म्हणाले, "ती नवशिक्यांना लागते." दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला समोर उभं करून श्वास कसा रोखायचा, कोपर बरगडीला कसं टेकवायचं ते शिकवायचे. मी मूग गिळून शिकत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची," आणि कूस बदलून झोपला.

मग सासूबाई निवृत्त व्हायची वेळ आली. त्या मुख्याध्यापिका. शाळेच्या व्हरांड्यात आजवरच्या मुख्याध्यापिकांचे मोठे फोटो रांगेने लावलेत, त्यात आता यांचा लागणार होता. बाबांनी रविवारी स्टुडिओ बंद ठेवला, मला बाहेर काढलं आणि तासभर दोघंच आत होते.

सोमवारी मी फोटो उघडला. सगळा चेहरा धुक्यात. मला वाटलं, गेला, आता हात पुरताच गेला. फोटो तीन फुटी छापायचा, तिथे पंचविसाने काय होणार? मी पट्टी ऐंशीवर नेली, घाईत कॉम्प्युटरवर अंगठ्याएवढा बघितला, आणि मोठ्या लॅबमध्ये छापायला पाठवून दिला. तो तिकडेच फ्रेम होऊन, कागदात गुंडाळून थेट शाळेत पोचला.

समारंभाला पाहुण्यांनी फोटोवरचं कापड ओढलं. सासूबाईंना होत्या तेवढ्या सुरकुत्या तर होत्याच, वर आणखी तितक्याच सॉफ्टवेअरने पदरच्या घातल्या होत्या. कपाळ नांगरल्यासारखं. वरच्या ओठावर जे काही होतं त्याला मिशीच म्हणावं लागेल. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्याने फोटोकडे बघून हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

सासूबाई तडक घराकडे निघाल्या. चपला काढून आत आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "अडतीस वर्षं संसार केला. हा सूड कधीपासून शिजत होता?"

"अगं, मी जेली लावली होती," बाबा म्हणाले.

"कसली जेली?"

"पेट्रोलियम जेली. भिंगापुढच्या काचेवर बोटभर लावायची. चेहरा मऊ येतो. तुझे सगळे फोटो मी तसेच काढतो, लग्नापासून."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "सगळे? म्हणजे मी तशी दिसत नाही?"

बाबांनी घाईने विषय बदलला. ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, जेली गेली कुठे?"

मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "बाबा, मला वाटलं तुमचा हात हलला."

"माझा हात? तो कधी हलतो?"

मी मान खाली घातली. तिथेच माझं पितळ उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मूळचे दाखव." मी चार महिन्यांचे दाखवले. ते एकेक बघत होते आणि शांतपणे म्हणत होते, "हलला. हलला. हाही हलला." मला चिडलेले परवडले असते. शेवटी त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळला, कॅमेरा कपाटात ठेवला आणि घरी गेले. मी काउंटरवर डोकं टेकून रडले. मी त्यांना वाचवत होते असं मला वाटत होतं, आणि मीच त्यांना चार महिने सगळ्यांसमोर फुशारक्या मारू दिल्या होत्या.

तीन दिवस घरात डब्यांनाही कोणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी सासूबाईच त्यांना दंडाला धरून स्टुडिओत घेऊन आल्या.

"तो फोटो तिथे राहणार नाही. नवा पाहिजे, आजच."

"मी नाही काढणार," बाबा म्हणाले.

"मग ही काढेल. तुम्ही बसा."

मी कोपर बरगडीला टेकवलं, श्वास रोखला आणि बारा फोटो काढले. बाराही स्वच्छ, आणि बाराही फोटोंत जणू शाळा तपासायला आलेली एक बाई. यावर पट्टी कुठे सरकवणार?

बाबा खुर्चीत चुळबुळत होते. आधी म्हणाले, "डावा दिवा उतरव." मग म्हणाले, "एवढा नाही." मग उठून माझ्या मागेच येऊन उभे राहिले. "थांब. मी सांगेन तेव्हा दाब. आधी नको, नंतर नको."

"उंटावरून शेळ्या हाकतायत," सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी लक्ष दिलं नाही. "जेली लावू का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "नको. इतकी वर्षं मला जेलीतून बघितलंत, आता एकदा आहे तशी बघा."

"मी कशाला जेलीतून बघतोय? ती काचेला लावायचो, डोळ्यांना नाही."

सासूबाईंचा चेहरा, कसं सांगू, सैल झाला. तोंडावर हसू यायचं होतं, डोळ्यांत आलं होतं.

"दाब," बाबा म्हणाले. मी दाबलं.

कॉम्प्युटरवर तिघांनी मिळून फोटो बघितला. सुरकुत्या होत्या, सगळ्या त्यांच्याच, एकही पदरची नाही. सासूबाई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "बरी आहे की बाई." मी बाबांना विचारलं, आणखी एक काढूया का, पण ते पडदा बाजूला करून काउंटरकडे बघत होते. तिथे एक माणूस पासपोर्टच्या फोटोसाठी कधीचा ताटकळत उभा होता.

"या, आत या," बाबा त्याला म्हणाले, आणि मला म्हणाले, "सूनबाई, बोट तयार ठेव."