धोंडबांच्या दुकानातला चहा

उमरेडच्या जुन्या बाजारातली दुकानं एकेक करत बंद पडली, तेव्हा गावातल्याच काही लोकांनी वर्गणी काढून तिथला रस्ता, दिवे आणि बाकं नवी केली. कांताबाईंकडे द्यायला पैसा नव्हता. त्यांनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचं, धोंडबांचं, लुगड्यांचं दुकान चहाच्या हॉटेलासाठी बिनभाड्यानं दिलं.

"काकू, आता तुमाले एकटं वाटनार नाही. खाली रोज गर्दी राहीन," वर्गणी गोळा करणारा प्रशिक म्हणाला होता.

गर्दी खरंच झाली. वरच्या खोलीत बसून कांताबाई खालचं हसणं ऐकायच्या. एका संध्याकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून खाली गेल्या. धोंडबा जिथं बसून गिऱ्हाइकांपुढे लुगडी उलगडायचे, तिथलंच टेबल रिकामं होतं. चहा देणारी मेघा बाहेरगावची, तिनं त्यांना ओळखलं नाही.

"आजी, कोनी येऊन राहिलं का सोबत?"

"नाही वं. एकटीच आहो मी."

मेघानं समोरची खुर्ची उचलून पलीकडच्या घोळक्याला दिली.

कांताबाईंनी चहा सावकाश संपवला. कोणी बोलायला आलं नाही, तरी हॉटेल बंद होईपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या.